याकी समाजाची विधिनृत्ये आणि विधिसंगीत : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मेक्सिकोच्या वायव्य भागातील सोनोरा राज्यात याकी नदी सिएरा माद्रे पर्वतरांगेतून खाली उतरून कॅलिफोर्नियाच्या आखाताला मिळते. या नदीच्या खालच्या खोऱ्यात पूर्वापार वसलेला समाज बाहेरच्या जगाला 'याकी' या नावाने परिचित आहे. हा समाज स्वतःला मात्र 'योएमे' म्हणवतो. आपल्या भाषेत या शब्दाचा अर्थ 'माणसे' असा होतो. त्यांची भाषा उटो-अ‍ॅझ्टेकन भाषाकुळातील असून आज हा समाज मेक्सिकोतील सोनोरा आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अ‍ॅरिझोना अशा दोन राष्ट्रांच्या हद्दीत विभागलेला आहे.

याकींविषयीच्या लेखनाचे सामान्यतः दोन प्रवाह आढळतात. एका प्रवाहात त्यांच्या सशस्त्र प्रतिकाराचा इतिहास येतो. एव्हलिन हू-डीहार्ट यांनी १९८० च्या दशकात लिहिलेले ग्रंथ या प्रवाहातील महत्त्वाचे होत. दुसऱ्या प्रवाहात त्यांच्या नृत्य-संगीताचे आणि ईस्टरच्या विधींचे मानवशास्त्रीय वर्णन येते. पहिल्या प्रवाहात विधी हा पार्श्वभूमीचा भाग ठरतो, तर दुसऱ्या प्रवाहात युद्ध आणि हद्दपारी या गोष्टी प्रास्ताविकापुरत्या उरतात. दोन्ही प्रवाहांचा सांधा जुळवण्याचा प्रयत्न एडवर्ड स्पायसर यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या बृहद् ग्रंथात केला. पुढे डेव्हिड शॉर्टर यांनी २००९ मध्ये, याकींचे विधिप्रयोग हेच त्यांचे इतिहासलेखन आहे, अशी मांडणी केली.

प्रस्तुत लेखात एका मर्यादित प्रश्नाचा विचार केला आहे. जमीन, गावे आणि शस्त्रे हातून गेल्यानंतरही हा समाज समाज म्हणून कसा टिकला? या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी त्यांच्या विधिनृत्यांच्या संघटनेत सापडते, असे येथे प्रतिपादन केले आहे. याकींची नृत्ये ही केवळ श्रद्धेची अभिव्यक्ती नव्हती. ती गावाच्या शासनव्यवस्थेचे अंग होती. त्यामुळे ती जेथे उभी राहिली तेथे गावही उभे राहिले.

विजयानंतरचे निमंत्रण

स्पॅनिश लोकांचा याकींशी पहिला सामना १५३३ मध्ये दिएगो दे गुस्मान याच्या मोहिमेच्या वेळी झाला. याकींनी त्या मोहिमेला वाट दिली नाही. पुढे सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस कॅप्टन दिएगो मार्तिनेस दे उर्दाइदे याने याकींवर मोहिमा काढल्या आणि त्या सर्व फसल्या. लष्करीदृष्ट्या वरचढ ठरूनही याकींनी १६१० मध्ये तह केला आणि जेझुइट धर्मप्रचारकांना आपल्या प्रदेशात येण्याची अनुमती दिली. त्यानुसार १६१७ मध्ये आंद्रेस पेरेस दे रीबास आणि तोमास बासिलिओ हे दोन धर्मगुरू याकी खोऱ्यात दाखल झाले. त्यांच्याबरोबर सैन्य नव्हते.

ही घटना याकी संस्कृतीच्या पुढील वाटचालीच्या दृष्टीने निर्णायक आहे. मेक्सिकोच्या इतर अनेक भागांत ख्रिस्ती धर्म पराभवापाठोपाठ आला, येथे तो विजयानंतर आणि निमंत्रणाने आला. जुने विधी चोरून जपण्याची आणि नवे विधी भयापोटी पाळण्याची वेळ याकींवर आली नाही. स्पायसर यांनी या संदर्भात रिओ ग्रांदे खोऱ्यातील प्युब्लो समाजांशी केलेली तुलना उद्बोधक आहे. प्युब्लोंनी आपला धर्म आणि ख्रिस्ती धर्म हे दोन स्वतंत्र कप्प्यांत ठेवले, तर याकींनी दोहोंची एकत्र गुंफण केली.

जेझुइटांच्या आगमनाच्या वेळी याकींची लोकसंख्या सुमारे ३०,००० होती आणि ती सुमारे ८० वाड्यावस्त्यांत विखुरलेली होती, असे पेरेस दे रीबास यांच्या वृत्तान्तावरून मानले जाते. पुढील काही वर्षांत या वस्त्या एकत्र येऊन कोकोरित, बाकुम, विकाम, पोताम, तोरिम, राहुम, उईरिविस आणि बेलेम ही चर्चकेंद्री आठ गावे आकारास आली. गावांची ही रचना बाहेरून आलेल्या धर्मगुरूंच्या प्रेरणेने झाली असली, तरी याकींच्या स्मृतीत तिचा उगम निराळा आहे. त्यांच्या एका पुराणकथेनुसार देवदूत आणि द्रष्टे पुरुष यांनी गात गात प्रदेशाच्या सीमेवरून पदयात्रा केली आणि त्या गायनाने भूमीची हद्द व आठ गावे पवित्र झाली. भूमीवरील हक्क गायनातून सिद्ध होतो, ही कल्पना पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

धर्मगुरूविना चर्च

१७४० मध्ये याकी आणि त्यांचे शेजारी मायो यांनी वसाहतवाद्यांविरुद्ध मोठा उठाव केला. त्यानंतर १७६७ मध्ये स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने जेझुइटांना आपल्या साम्राज्यातून हद्दपार केले. सुमारे दीडशे वर्षे चाललेला धर्मगुरूंचा सहवास असा एकाएकी संपला. चर्चे मात्र बंद पडली नाहीत. प्रार्थना म्हणणारे 'माएस्त्रो', भक्तिगीते गाणाऱ्या स्त्रियांचा गट, वेदीची देखभाल करणारे सेवक आणि नृत्यमंडळे यांनी उपासनेची धुरा आपल्या हाती घेतली. लॅटिन, स्पॅनिश आणि याकी अशा तिन्ही भाषांतील प्रार्थना हस्तलिखित वह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरवल्या गेल्या.

गावाचा कारभार पाच अधिकारमंडळांत विभागलेला होता : चर्च, नागरी शासन, सैन्य, उत्सवाचे यजमान आणि 'कोहतुम्ब्रे' म्हणजे रूढीचे रक्षक. यांपैकी कोहतुम्ब्रे या मंडळाचे स्थान विशेष आहे. राखेच्या बुधवारी ईस्टरपूर्व उपवासकाळ सुरू झाला की गावावरील अधिकार या मंडळाकडे जातो. या काळात शिस्त राखणे, तंटे थोपवणे आणि मिरवणुका काढणे हे त्याचे काम असते. म्हणजेच वर्षातील काही आठवडे मुखवटाधारी नर्तकांचे मंडळ हेच गावाचे शासन असते. शासनसंस्था आणि विधिसंस्था यांच्यातील सीमा येथे पुसट नव्हे, तर हेतुतः खुली ठेवलेली दिसते.

या मंडळांतील सभासदत्वाचा पाया नवस हा आहे. मूल आजारी पडले असता आईवडील, अथवा स्वतःच्या दुखण्यात प्रौढ व्यक्ती, बरे वाटल्यास अमुक मंडळात सेवा करीन असा नवस बोलते. ही सेवा काही वर्षांची किंवा आजन्म असू शकते. सभासद होताना धर्मपिता व धर्ममाता नेमले जातात आणि त्यातून रक्ताच्या नात्यापलीकडची नाती जोडली जातात. वेतन, दस्तऐवज किंवा राजाज्ञा यांपैकी कशाचीही या व्यवस्थेला गरज नव्हती. पुढील काळात तिचे हेच वैशिष्ट्य कामी आले.

नृत्य आणि वाद्ये

याकी नृत्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात हरिणनृत्य आणि पास्कोला नृत्य येते. दुसऱ्या वर्गात चर्चच्या नवसाशी निगडित मंडळांची नृत्ये येतात.

'मासो' म्हणजे हरिण. हरिणनर्तक मस्तकावर हरिणाचे डोके बांधतो. त्याच्या दोन्ही हातांत भोपळ्याचे खुळखुळे, कमरेला हरणाच्या खुरांचा पट्टा आणि पायांना पतंगाच्या कोशांत बारीक खडे भरून ओवलेल्या लांब माळा असतात. त्याचे साथीदार बहुधा तीन गायक असतात. दोघे जण खाचा पाडलेली काठी भोपळ्याच्या अर्ध्या कवचावर टेकवून दुसऱ्या काठीने घासतात. तिसरा पाण्यावर पालथे तरंगणारे भोपळ्याचे कवच काठीने वाजवतो. परंपरेच्या जाणकारांच्या मते या जलवाद्याचा ठोका हा हरिणाच्या हृदयाचा ठोका, तर काठ्यांचा घर्षणध्वनी हा त्याचा श्वास होय.

हरिणगीतांची भाषा दैनंदिन याकीपेक्षा जुन्या वळणाची आहे. गीतांत हरिणाला धाकटा भाऊ म्हणून संबोधले जाते. ही गीते 'सेआ आनिया' म्हणजे पुष्पलोकाचे वर्णन करतात. हा लोक पूर्वेस, पहाटेच्या दिशेला असल्याचे मानले जाते, तर 'हुया आनिया' म्हणजे रानाचे, वन्य जीवांचे जग. गावाबाहेरचे रान हे याकींच्या दृष्टीने निर्जन नसून बोलणाऱ्या, ऐकणाऱ्या जीवांनी भरलेले आहे. लॅरी एव्हर्स आणि स्वतः हरिणगायक असलेले फेलिपे मोलिना यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे हे गीतवाङ्मय मूळ भाषेसह अभ्यासकांना उपलब्ध झाले.

'पास्कोला' हा शब्द याकीतील 'पाहकोओला' म्हणजे 'पाहकोचा म्हातारा' या शब्दापासून आला. 'पाहको' म्हणजे रात्रभर चालणारा पवित्र उत्सव. पास्कोला हा या उत्सवाचा यजमान, वक्ता आणि विदूषकही असतो. त्याच्या नृत्याला दोन प्रकारचे संगीत लागते. हार्प आणि व्हायोलिन या युरोपीय तंतुवाद्यांवर तो नाचतो तेव्हा लाकडी मुखवटा चेहऱ्यावरून बाजूला किंवा मस्तकामागे सारलेला असतो. 'तंपालेओ' हा एकच वादक बासरी आणि ढोलके एकाच वेळी वाजवू लागला, की पास्कोला मुखवटा चेहऱ्यावर ओढतो आणि पितळी चकत्या बसवलेले लाकडी वाद्य हातात घेतो. पहिल्या प्रसंगी तो माणूस म्हणून, तर दुसऱ्या प्रसंगी रानातील जीव म्हणून नाचतो. युरोपातून आलेली वाद्ये आणि पूर्वापार वाद्ये यांची येथे सरमिसळ झालेली नाही. प्रत्येकीला तिचे नेमके स्थान नेमून दिलेले आहे. 'संमिश्रण' या ढोबळ संज्ञेने ही बाब झाकली जाते.

दुसऱ्या वर्गातील 'मातचिनी' नर्तक पवित्र मरियेच्या सेवेस वाहिलेले असतात. मस्तकावर रंगीत कागदी फुलांचा मुकुट, एका हातात खुळखुळा आणि दुसऱ्या हातात पिसांनी सजवलेली त्रिशूळाकार काठी असा त्यांचा वेष असतो. व्हायोलिन आणि गिटारच्या साथीवर ते रांगांनी नाचतात. हे नृत्य मूलतः युरोपीय वळणाचे असून उपवासकाळात ते थांबते.

ईस्टरचे विधिनाट्य

दोन्ही वर्ग एकत्र येतात ते ईस्टरच्या आदल्या पवित्र शनिवारी. उपवासकाळात येशूचा शोध घेणारे आणि त्याला वधस्तंभी देणारे 'फारिसेओ' गावावर पकड घट्ट करीत जातात. त्यांतील 'चापायेका' नावाचे मुखवटाधारी मुळीच बोलत नाहीत. लाकडी तलवार व खंजीर एकमेकांवर आपटून आणि खाणाखुणा करून ते व्यवहार करतात. मुखवट्याआड मात्र त्यांनी जपमाळेचा क्रूस दातांत धरलेला असतो. अंगीकारलेल्या दुष्ट भूमिकेपासून नर्तकाचे रक्षण व्हावे, हा त्यामागील हेतू.

शनिवारी चर्चची घंटा वाजते आणि फारिसेओ चर्चवर तीनदा चाल करून जातात. त्यांचा प्रतिकार मातचिनी, पास्कोला, हरिणनर्तक, लहान मुले आणि गावकरी करतात. त्यांचे शस्त्र असते फुले व हिरवी पाने. येशूच्या रक्ताचे थेंब भूमीवर पडले आणि त्यांची फुले झाली, अशी याकींची श्रद्धा आहे. हरिणगीतांतील पुष्पलोकाचे फूल आणि वधस्तंभाखाली उमललेले फूल येथे एक होते. तिसऱ्या चढाईत पराभूत झालेले चापायेका मुखवटे फेकून देतात, धर्मपिता-धर्ममातांच्या आधाराने चर्चमध्ये धावत जातात आणि पुन्हा समाजात सामील होतात. मुखवटे ज्यूडासच्या पुतळ्याबरोबर जाळले जातात.

आक्रमकाचा पराभव झाल्यावर त्याला ठार न मारता आप्त म्हणून परत घेणे, हा या नाट्याचा शेवट आहे. एकोणिसाव्या शतकातील याकी इतिहासाशी तो ताडून पाहिला असता त्यातील विरोध तीव्रतेने जाणवतो.

हद्दपारी आणि पुनरुभारणी

मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर याकींची सामूहिक जमीन आणि स्वशासन हे दोन्ही नव्या राष्ट्राच्या डोळ्यांत सलू लागले. १८२५ पासून हुआन बान्देरास याच्या नेतृत्वाखाली उठाव झाले. त्याला १८३३ मध्ये मृत्युदंड देण्यात आला. १८६८ मध्ये बाकुमच्या चर्चमध्ये कोंडलेल्या याकी कैद्यांपैकी अनेक जण गोळीबारात आणि आगीत मरण पावले. १८७० च्या दशकापासून काहेमे या नेत्याने आठ गावांचा कारभार पुन्हा संघटित केला. त्यालाही १८८७ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. १९०० च्या जानेवारीत मासोकोबाच्या लढाईत शेकडो याकी मारले गेले.

यानंतर पोर्फिरिओ दियास यांच्या राजवटीने सामूहिक हद्दपारीचे धोरण स्वीकारले. विशेषतः १९०२ ते १९०८ या काळात हजारो याकी स्त्री-पुरुष आणि मुले यांना पकडून युकातानच्या हेनेकेन मळ्यांवर वेठबिगारीसाठी पाठवण्यात आले. हेनेकेन ही दोरखंडासाठी लागणाऱ्या तंतूंची वनस्पती होय. जॉन केनेथ टर्नर या अमेरिकन पत्रकाराने १९०९ पासून प्रसिद्ध केलेल्या लेखमालेमुळे तेथील अमानुष स्थिती जगापुढे आली. सोनोरात राहिलेल्यांपैकी कित्येकांनी आपली ओळख लपवली. जाहीरपणे नाचणे म्हणजे आपण याकी असल्याची कबुली देणे होते आणि त्या कबुलीची शिक्षा हद्दपारी होती. अनेक कुटुंबे उत्तरेची सीमा ओलांडून अ‍ॅरिझोनात गेली आणि रेल्वेमार्गावर किंवा कापसाच्या शेतांत मजुरी करू लागली.

अ‍ॅरिझोनातही आरंभी त्यांना मेक्सिकोत परत पाठवले जाण्याची भीती वाटे. ती ओसरू लागताच, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस टूसॉन परिसरात ईस्टरचा विधी पुन्हा सुरू झाला. येथे घटनांचा क्रम महत्त्वाचा आहे. निर्वासितांजवळ तेव्हा स्वतःची जमीन नव्हती, मान्यताप्राप्त गाव नव्हते, न्यायव्यवस्था किंवा प्रतिनिधी नव्हते. निरनिराळ्या गावांतून विस्कळितपणे आलेल्या या लोकांना एकमेकांशी बांधणारी पहिली संस्था उभी राहिली ती नवस बोललेल्या नर्तकांची. १९२१ मध्ये टूसॉनजवळ वसलेल्या त्यांच्या वस्तीला 'पास्क्वा' म्हणजे स्पॅनिशमध्ये ईस्टर, हेच नाव मिळाले. फिनिक्सजवळची ग्वादालूपे ही वस्तीही अशीच विधिकेंद्राभोवती स्थिरावली. तेथे फ्रान्सिस डेन्समोर यांनी १९२२ मध्ये याकी संगीत ध्वनिमुद्रित केले. स्पायसर दांपत्याने १९३६-३७ मध्ये पास्क्वात राहून केलेल्या अभ्यासातून, मजुरीवर जगणाऱ्या या वस्तीचे सामाजिक जीवन विधिमंडळे आणि धर्मनात्यांवर उभे असल्याचे स्पष्ट झाले.

जेझुइटांच्या हद्दपारीनंतर निर्माण झालेली धर्मगुरूविना उपासनेची पद्धत आता निर्वासितांच्या उपयोगी पडली. दफ्तर, इमारत किंवा दीक्षित धर्मगुरू यांवर अवलंबून असलेला धर्म सीमेपलीकडे नेणे दुरापास्त ठरले असते. प्रार्थनेची वही, वाद्ये आणि नवसाने बांधलेली माणसे मात्र नेता आली. मांडव घातला आणि क्रूस रोवला की विधीची जागा सिद्ध होत असे.

मान्यता, रंगमंच आणि नदी

सोनोरात सशस्त्र संघर्ष १९२६-२७ च्या मोहिमेपर्यंत चालला. तीत विमानांचाही वापर झाला. राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी १९३७ मध्ये मूळ प्रदेशाचा काही भाग याकींना परत देण्याचा निर्णय घेतला. कोकोरित आणि बाकुम ही गावे मात्र बिगर-याकी वस्तीकडेच राहिली. तेथील याकींनी अनुक्रमे लोमा दे ग्वामूचिल आणि लोमा दे बाकुम येथे चर्च व विधिमंडळे उभारून आपले गाव चालू ठेवले. अ‍ॅरिझोनात जे घडले तेच येथे मूळ भूमीच्या उंबरठ्यावर घडले.

अमेरिकेत १९६४ मध्ये काँग्रेसच्या कायद्याने टूसॉनच्या नैऋत्येस २०२ एकर जमीन मिळाली आणि नवी पास्क्वा वसली. या कायद्याने जमातीचा दर्जा मात्र दिला नव्हता. याकी हे मेक्सिकोतून आलेले निर्वासित आहेत, असा आक्षेप घेतला जात होता. अखेर १९७८ मध्ये पास्क्वा याकी जमातीला संघराज्याची मान्यता मिळाली. या दीर्घ प्रयत्नांचे नेते आन्सेल्मो व्हालेन्सिया हे समाजाचे धार्मिक नेतेही होते, हा योगायोग मानता येत नाही. विधिमंडळांतील अधिकारपरंपरेनेच राजकीय नेतृत्व पुरवले.

याच काळात याकी नृत्याला दुसरेही एक जीवन लाभले. सोनोरा राज्याच्या बोधचिन्हात हरिणनर्तक आला. कार्लोस चावेस यांनी १९३५-३६ मध्ये रचलेल्या 'सिम्फोनिया इंडिया' या कृतीत याकी वाद्ये व स्वरावली वापरल्या गेल्या. अमालिया एर्नान्देस यांनी १९५२ मध्ये स्थापन केलेल्या लोकनृत्यसंचाने हरिणनृत्य जगभरच्या रंगमंचांवर नेले. ज्या राष्ट्राने या नर्तकांचे समाजबांधव हद्दपार केले होते, त्याच राष्ट्राने नर्तकाची प्रतिमा आपले भूषण म्हणून स्वीकारली. रंगमंचावर शिकार आणि हरिणाचा मृत्यू हा काही मिनिटांचा उत्कर्षबिंदू ठरतो. पाहकोत मात्र गीतांचा क्रम सायंकाळ, मध्यरात्र आणि पहाट असा रात्रभर उलगडतो आणि त्याच मांडवात वेदीपाशी प्रार्थना चालू असते. पास्क्वातील विधींच्या वेळी छायाचित्रण, ध्वनिमुद्रण आणि रेखाटन यांना असलेली मनाई या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते. प्रेक्षकांना येण्याची मुभा आहे. विधी उचलून नेण्याची नाही.

या परंपरेच्या वाहून नेता येण्याला मर्यादाही आहेत. पायांतील माळांसाठी लागणारे कोश सोनोराच्या रानात मिळतात. हरिणगीते जुन्या याकी भाषेवाचून जगत नाहीत. विसाव्या शतकात नदीवर बांधलेल्या अंगोस्तुरा (१९४२) आणि अल्वारो ओब्रेगोन (१९५२) या धरणांमुळे खालच्या खोऱ्यातील पाणी वळवले गेले. २०१० नंतर एर्मोसियो शहराकडे पाणी नेणाऱ्या जलवाहिनीविरुद्ध याकींनी न्यायालयात आणि महामार्गावर लढा दिला. रान, नदी आणि भाषा यांविना 'हुया आनिया' ही केवळ स्मृती उरेल, ही चिंता या लढ्यामागे आहे. २८ सप्टेंबर २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष आन्द्रेस मानुएल लोपेस ओब्रादोर यांनी विकाम येथे याकी समाजाची मेक्सिकन राज्यसंस्थेच्या वतीने क्षमा मागितली.

समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, याकी विधिपरंपरेचे स्वरूप १६१७ च्या निमंत्रणाने आणि १७६७ नंतरच्या धर्मगुरूविना काळाने घडवले. ती परकीय धर्माचे अनुकरण नव्हे आणि प्राचीनतेचा अवशेषही नव्हे. दुसरा असा की, नवस, धर्मनाती आणि अधिकारमंडळे यांच्यामुळे नृत्य हे गावाच्या शासनाचे वाहक झाले आणि हद्दपारीनंतर समाजाची पुनरुभारणी याच मार्गाने झाली. तिसरा निष्कर्ष इतिहासाच्या साधनांविषयी आहे. ज्यांचे दफ्तर त्यांच्या शत्रूंनी लिहिले, अशा समाजाचा इतिहास केवळ सरकारी कागदपत्रांतून लिहिल्यास त्यात उठाव, फाशी आणि हद्दपारी एवढेच उरते. तो समाज त्यानंतरही कसा जगला, हे त्या कागदांत सापडत नाही.

सोनोरातील गावांत आणि अ‍ॅरिझोनातील वस्त्यांत पवित्र शनिवारी चर्चवर तीनदा चाल होते आणि तीनदा फुलांनी परतवली जाते. त्या मांडवात पाण्यावर तरंगणारे भोपळ्याचे कवच वाजत असते. इतिहासाच्या अभ्यासकाने त्या ध्वनीकडे दस्तऐवजाइतक्याच गांभीर्याने पाहणे आवश्यक आहे.